दमलेलं पातं

क्लीव्हलंड. जानेवारी. ईरी सरोवरावरून आलेला बर्फ
पार्किंगमध्ये गुडघाभर.
सूक्ष्मदर्शकाखाली टर्बाइनचं एक पातं,
माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं,
आणि त्याच्या मुळाशी भेग.
तिच्यापुढे केसही जाड.

नऊच उड्डाणं झाली होती त्याची.
‘जळालं?’ मी विचारलं.
वॉल्ट कोवालचिकनं मान हलवली.
‘जळालं नाही. दमलं.’
धातू दमतो हे परीक्षेत लिहून आले होते मी;
तो मात्र शेजाऱ्याची तब्येत सांगावी तसं म्हणाला.

आठ मिनिटांच्या उड्डाणात
त्याला खातात ते पहिले दोन सेकंद.
भिंतीपलीकडे द्रव हायड्रोजन, उणे अडीचशे अंश,
अलीकडे आग,
आणि झडपांच्या किल्ल्या आमच्या हाती:
सांगितला तेवढा जोर, सांगितल्या क्षणी,
टक्काभरही इकडेतिकडे नाही.
देखणा होता माझा आलेख. भिंतीवर लावला होता.
सुरुवातीलाच तापमानाची एक बारीक चोच,
तिकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

त्या संध्याकाळी बस चुकली.
वॉल्टच्या ब्यूकचे दरवाजे रस्त्यावरच्या मिठानं कुरतडलेले.
गाडी सुरू झाली आणि जागची हलेना.
‘निघायचं ना?’
‘तेल वर चढू दे.’
गाभण म्हशीच्या पाठीवर ठेवावा
तसा त्याचा हात डॅशबोर्डवर.
मैल मोजणारा आकडा: दोन लाख ऐंशी हजार.

रात्री समीकरणात एक पद वाढवलं.
तोवर ते एवढंच विचारायचं: किती चुकलास?
आता हेही विचारू लागलं: किती झिजलास?
पातं बोलत नाही,
म्हणून दर मिलिसेकंदाला त्याच्या वतीनं हिशेब,
आणि हिशेब वाढला की झडपेला दटावणी: दमानं घे.

बैठकीत डॉ. प्रिचर्ड म्हणाले, चार दशांश सेकंद उशीर!
जणू मी त्यांच्या घराची वीट काढली.
मी पुढचं पान उलटलं.
नवाच्या जागी एकतीस.
कागदावरच, पण एकतीस.
कुणीतरी कॉफी ढवळत राहिलं, बराच वेळ.

मार्चमध्ये वॉल्ट निवृत्त झाला. गुडघे.
जिन्यावरून एकेक पायरी उतरत होता, कठड्याला धरून.
मागे मी, हातात फाइल, घाईत.
ओलांडून गेले नाही.

खाली ब्यूक सुरू झाली.
उभीच राहिली.
मी घड्याळ पाहिलं. सवय जात नाही.