किती दाबू

अंबडला मी लेथवर असतो.
वीस मायक्रॉन जास्त कापलं गेलं तर माल रिजेक्ट,
एवढं मला कळतं.
शर्विलला किती घट्ट धरायचं
ते कुठल्याच ड्रॉइंगवर दिलेलं नाही.

पगार मॅडम म्हणाल्या, घरीच करा,
महागाचं काही आणू नका.
त्याच्या अंगाला स्वतःचा पत्ता लागत नाही,
तो सांगावा लागतो
रोज, सांध्यासांध्याला.

म्हणून थर्ड शिफ्टहून आलो की
बूट काढायच्या आधी
द्राक्षांच्या जुन्या कॅरेटमध्ये
पाच किलो बाजरी, वर लोखंडी खलबत्ता,
आणि शर्विल ते ढकलतो
ओट्यापासून गॅलरीपर्यंत,
गॅलरीपासून ओट्यापर्यंत.
कॅरेट फरशीवर किंचाळतं.
मिक्सर लावला की कान दाबून पलंगाखाली जाणारं पोरगं
हा आवाज सोसतं.
हा त्याचा स्वतःचा आहे.

मग गोधडी.
वैजू त्याला कडेला निजवते आणि गुंडाळत नेते,
सुरळीची वडी करावी तशी.
"आज खोबरं घालू की कोथिंबीर?"
तो उत्तर देत नाही.
आठ वर्षांत त्याने दिलेले शब्द
एका हाताच्या बोटांवर मोजले तर अंगठा उरतो.
पण गोधडी उलगडली की
स्वतःच पुन्हा कडेला जाऊन आडवा होतो.
त्याला आम्ही 'परत' असं वाचतो.

मटकीच्या डब्यात बुडवलेल्या बांगड्या तो शोधतो.
कणकेला मात्र तीन महिने हात लावला नाही.
चौथ्या महिन्यात एक करंगळी.
वैजूने त्या गोळ्याच्या पोळ्या लाटल्या नाहीत,
फ्रीजमध्ये ठेवला
काळा पडेपर्यंत.

झोपाळा हवा होता.
घरमालक म्हणाला, स्लॅबला भोक नाही पाडायचं.
मग स्क्रॅपच्या पाइपांची चौकट मीच वेल्ड केली,
बोरस्ते साहेब तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले.
टेम्पोतून आणली, तीन मजले चढवली,
दारातून आत जाईना.
चार इंच रुंद.
मी. वीस मायक्रॉनचा माणूस.
वैजू जिन्यात बसून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
आणि मग नुसतं पाणीच येत राहिलं.

खालच्या मजल्यावर खैरनार काका,
नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर.
छत्तीस वर्षं नोटा मोजल्या,
आता आमच्या उड्या मोजतात.
डिसेंबरात वर आले, कानाला मफलर बांधून:
"काल एकशे बारा. काय चाललंय हे?"

मी तोंड उघडेपर्यंत
शर्विल उशांच्या ढिगातून उठला,
त्यांचा हात धरला,
स्वतःच्या डोक्यावर ठेवला
आणि खाली दाबला.

"आशीर्वाद मागतोय का?"
नाही काका. दाब मागतोय.
"किती दाबू?"

तीन वर्षं हेच विचारतोय मी.
म्हटलं, तो सांगेल.

काकांनी दुसराही हात ठेवला.
मफलर सुटून फरशीवर पडला,
कुणी उचलला नाही.
शर्विलचे खांदे हळूहळू उतरले,
टाचा जमिनीला टेकल्या,
एरवी हे पोरगं चवड्यांवरच चालतं.
शेजारी कुकरची शिट्टी झाली. तो हलला नाही.
खालून काकूंनी हाक मारली,
काका म्हणाले, "आलो,"
आणि तिथेच उभे राहिले.

तक्रार अजून असते.
रविवारी तर नक्की.
"आज एकशे चाळीस," जिन्यात भेटले की सांगतात,
माझं नाव न घेता.

काल कॅरेट गॅलरीपाशी गेलंच नाही.
अर्ध्या वाटेत वळलं, उंबऱ्याला अडलं,
मी उचलू लागलो तर माझा हात बाजूला सारला गेला.
धप्प, पहिली पायरी.
बाजरी सांडली. धप्प.
खाली जायला चौदा पायऱ्या आहेत,
आणि सातवीलाच
खालची कडी वाजली.