टोल

पत्र्याच्या शेडमधून सतरा मुलं आली.
पटावर त्यांची नावं लाल शाईनं लिहायला घेतली
आणि पेन बदललं.

बिरू कोकरे, इयत्ता तिसरी.
राहणार : हा रकाना कोरा ठेवला.
वाडी आता डोंगराच्या पोटात आहे.

तो दाराशीच बसतो, पाठीवर दप्तर तसंच.
"काढ की रे," म्हणत पोरं पट्टा ओढायची.
मी म्हटलं, असू दे, जड नसेल त्याला.
जडच असणार.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा,
धरणाच्या कामावरून कधीकाळी कुणी आणलेला,
जांभळीला टांगलेला.
पहिला टोल पडला आणि ती मुलं
टेबलाखाली, भिंतीशी, एकमेकांच्या अंगावर.
बिरू सापडला थेट पाटणच्या रस्त्यावर,
अनवाणी.
"पळा म्हनलं न्हाय कुणी," म्हणाला.
"त्या राती बी कुणी म्हनलं न्हाय."
बारा दिवसांतलं त्याचं पहिलं बोलणं.

साताऱ्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं.
चेहऱ्यांचा तक्ता मिळाला : हसरा, रडका, घाबरलेला.
पोरांनी सगळ्यांना मिशा काढल्या.
त्या आठवड्यात हसणं झालं ते तेवढंच,
म्हणजे तक्ता कामी आला म्हणायचा.

महिनाभर टोल दिला नाही.
खिचडीचा वास सुटला की मधली सुट्टी,
चिपळूणची एसटी वळणावर दिसली की शाळा सुटायची,
आणि एसटी कधी वेळेवर आलीय?
केंद्रप्रमुखांनी शेरा मारला :
वेळापत्रक पाळले जात नाही.
खरंच होतं. खाली सही केली.

मग एका सोमवारी हातोडी बिरूकडे दिली.
"कधी वाजवायची ते तू ठरव.
नको वाटलं तर आज नको."

मंगळवारीही नको वाटलं. बुधवारीही.
गुरुवारी त्यानं रुळाला आधी हात लावला,
मग कान,
मग इतकं हळू वाजवलं
की फांदीवरची खारसुद्धा हलली नाही.
वर्गात सोळा माना वळल्या.
"म्या हाय!" तो ओरडला, "म्याच हाय!
आता जोरात वाजवतोय, भिऊ नगा!"

तेव्हापासून आमच्याकडे आधी आरोळी, मग टोल.
पाहुण्यांना गंमत वाटते.

मुसळधार पावसाच्या दिवशी अजून
निम्मा पट रिकामा असतो.
दप्तर अजून पाठीवर असतं.
हातोडी उचलताना मात्र
तो एक पट्टा खांद्यावरून उतरवतो.

दुसऱ्याचं मी विचारत नाही.