मागची बाजू कोरी

फोटो मीच उतरवला.
सेक्रेटरी शिडी धरून खाली उभे,
म्हणाले, गेथिन, खिळाही काढ.
खिळा निघेना.

एकोणतीस सालचा संघ, पंधरा जण.
मधल्या रांगेत डावीकडून दुसरा इद्वल प्रॉथेरो,
हात मांड्यांवर,
फोटोसाठी घासूनही नखांत उरलेला कोळसा.
एकट्याला कापून काढता येईना
म्हणून सगळेच उतरले.

खाण बंद पडून चौदा महिने झाले होते.
उत्तरेकडची दोन माणसं रात्री आली,
मोटार चॅपेलमागे, दिवे मालवून.
अशांना धरून नदीत बुचकळायची
आमच्या खोऱ्यात रीत.
त्या रात्री कोणी उंबरा ओलांडला नाही.
पडदे तेवढे हलले.

टेबलावर पाच-पाच पौंडांच्या साठ नोटा, पांढऱ्या, रुमालाएवढ्या.
त्याच्या आईने तशी नोट कधी पाहिली नव्हती.
एक उलटून बघितली तिने,
मागची बाजू कोरी.
"खोट्या तर नाहीत?"
"नाही हो बाई, अशाच असतात."
इद्वलने सही केली. मग दिवा मोठा केला.

जन्मभर, असं ठरलं होतं.
आमच्या मैदानावर पाय नाही,
क्लबात ग्लास नाही,
धाकट्या पोरांना चेंडू धरायला शिकवणंही नाही.

लोकांना वाटतं, रग्बी ती रग्बीच.
तिकडे तेरा जण.
आडवं केलं की उठायचं,
चेंडू टाचेने मागे सारायचा,
परत धावायचं, परत आडवं व्हायचं.
इद्वलने पत्रात लिहिलं होतं,
इथे ढिगाखाली पडून जरा दम खाता येत नाही रे.
जिंकलं तर तीन पौंड.
हरलं तर निम्मे, आणि दुखणं तेवढंच.

त्याचे ट्राय मी मोजत नव्हतो.
एकशे बारा.

आईच्या मातीला आला तो शनिवार होता.
दफन उरकून गल्लीत उभा राहिला,
मैदानाच्या भिंतीपलीकडे,
काळ्या सुटात, कोळशाच्या गाडीवर चढून.
मी चुना ओढत होतो.
"रेघ वाकडी गेलीय तुझी."
"माहितीय."
एवढंच बोललो आम्ही, सहा वर्षांनी.

उत्तरार्धात कोणाची तरी लाथ चुकली,
चेंडू भिंतीपार गेला.
त्याने झेलला,
आणि इतका वेळ धरून ठेवला
की पंचाने घड्याळाकडे पाहिलं.
मग मारला. उंच.
खाली यायला त्याला घाई नव्हती.
आमच्या पोराने तो छातीशी घेतला, पळाला.
याला नियमात काय म्हणतात
ते मी सेक्रेटरींना विचारलं नाही.
त्यांनीही आकाशाकडेच बघितलं होतं.

पुढे लढाईत, म्हणे, फौजेत दोन्हीकडचे
एकाच संघातून खेळले, कोणी काही बोललं नाही.
तोवर इद्वलचा गुडघा गेला होता.

खिळा अजून आहे.
चुन्याच्या खोलीची किल्ली मी त्याला अडकवतो.
फोटो त्या खोलीत,
पोत्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून.
पंधराही जण.