उणे वीस अंश

सोमवारपर्यंत फ्रीझर रिकामा करायचाय.
म्हातारा झालाय, रात्रभर घोरतो.
नवा येतोय, त्याच्या निम्म्यानं.
तेव्हा मी हेल्वे, तार्तूच्या या तळघरात एकतीस वर्षं मदतनीस,
हातमोजे चढवून एकेक खण उपसतेय.

वरच्या खणात शिमेना. गोल, घाईचं अक्षर.
ला पाझहून आली, पहिल्याच दिवशी
दलदलीत कमरेपर्यंत गेली
आणि तिथूनच ओरडली, आधी नमुना धरा, मग मला!
खाली दिल्नोझा. प्रत्येक नळीवर तारीख, तास, मिनिट.
मग तो उंच पोलिश मुलगा,
ज्याला आमची भाषा शेवटपर्यंत आली नाही,
पण चार नंबर बसचा ड्रायव्हर त्याला नावानं हाक मारायचा.
मला अजून मारत नाही.

सगळ्यांना पत्र टाकलं: ठेवू की फेकू?

शिमेनाचं उत्तर त्याच रात्री. फेक, हेल्वे. मी आता विमा विकते.
आणि बऱ्याच मोकळ्या जागेनंतर: एक ठेव. कुठलीही.
दिल्नोझानं ओसाकाहून तक्ता पाठवला.
पोलिश मुलानं एवढंच विचारलं, चार नंबर अजून धावते का.
अस्मेरोमचं पत्र परत आलं.
असा पत्ता नाही, म्हणालं यंत्र.

इथं एक सेंटीमीटर पीट साचायला दहा वर्षं जातात.
म्हणजे दोन वर्षांचा करार: दोन मिलिमीटर.
एका नाण्याची जाडी.
तेवढ्यात माणूस जुनी सायकल घेतो,
तीन वाजता पडणाऱ्या अंधाराशी जुळवून घेतो,
कुणाच्या तरी प्रेमातसुद्धा पडतो,
आणि एका सकाळी चहाच्या टेबलावर चिठ्ठी दिसते,
तवा कुणाला हवाय का?
माझ्याकडे पाच तवे आहेत.

सर्वांत खाली अस्मेरोमच्या बेचाळीस नळ्या.
थकला की तो आकडे लहानपणी चर्चमध्ये शिकलेले लिहायचा,
डोक्यावर एक रेघ, पायाखाली एक रेघ,
प्रत्येक आकड्याला छप्पर आणि जमीन.
प्राध्यापक म्हणतात, वाचता येत नसेल तर तो गाळच.
खरं आहे त्यांचं.
त्याचा परवाना संपत आला तेव्हा मी सोबत गेले होते.
खिडकीतल्या बाईनं विचारलं, तुम्ही यांच्या कोण?
म्हटलं, आम्ही एकाच दलदलीत खणतो.
तिनं ते लिहून घेतलं नाही. तसा रकाना नव्हता.

जागा पुन्हा मोजली. एक खण कमीच पडतो.
मग आठवलं, मागच्या कोपऱ्यात माझ्याच चार पिशव्या,
त्याच दलदलीतल्या क्रॅनबेरी,
नियमाविरुद्ध, गेल्या सप्टेंबरपासून.
काढल्या.
नळ्या मोजून लावल्या, बेचाळीस,
आणि खणावर चिकटपट्टी:
अस्मेरोम. खोली अजून ठरायची आहे.

क्रॅनबेरी घरी नेल्या, त्याच्या तव्यावर घातल्या.
तवा एका बाजूनं जास्त तापतो, हे तो सांगायला विसरला होता.
साखरही जरा जास्तच पडली.