खरखर

मूस जॉच्या उत्तरेला, उणे एकतीस.
गॅरेजात ओरेस्ट हाव्रिल्युक
सायकलच्या चाकाला लोहचुंबक चिकटवून बसलाय.
तांब्याचे नऊशे वेढे, मोजताना
दोनदा चुकला, दोनदा उसवले.

चाक फिरतं. टंगस्टनच्या दोन टोकांमध्ये
जेमतेम नखाएवढी फट,
तिच्यात निळी ठिणगी तडतडते
आणि ट्रॅक्टरची मेलेली बॅटरी
साडेबारा व्होल्ट दाखवते.
दाखवते, एवढंच.
दिवा जोडला की अकरा मिनिटांत मान टाकते.
वहीत तो तेच लिहितो : अकरा.
काल नऊ होती.

शेजारी डॅग्नीबाईंच्या रेडिओत
नेमकी हॉकीच्या गोलावर खरखर.
"लागला म्हातारा कामाला," म्हणत
त्या आवाज वाढवतात, शिव्या घालतात.

गुरुवारी रेडिओ स्वच्छ.
एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा.
पहिलं सत्र संपेपर्यंत त्या बसल्या कशाबशा,
मग बूट चढवले, टॉर्च घेतला.

ओरेस्ट जमिनीवर, कॉइल मांडीवर,
तारेचं सुटलेलं टोक शोधत :
"आज तरी रेडिओला त्रास नाही ना?"

"तोच तर त्रास," त्या म्हणाल्या,
आणि त्याच्या बोटांवर उजेड धरून
उभ्या राहिल्या.