अंगठा नको

नेरच्या ग्रामीण रुग्णालयात, लशींच्या जुन्या खोलीत
आमचा वर्ग भरतो.
कूलरची टंकी दुपारीच कोरडी,
आणि टेबलावर कमरेपर्यंतचाच एक माणूस,
रबरी, तोंड उघडं, नाव बापूराव.
नाव कोणत्या बॅचनं ठेवलं
ते ढोमणे सरांनाही आठवत नाही.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं,
पोहोचल्यावर सगळ्यात आधी काय करता?
शब्बीर म्हणाला, धावतो.
"मंग तू गेला."
आधी थांबा. तार तुटून पडली का पाहा,
बैल बिथरलेला आहे का,
ट्रक अजून कलंडतोय का.

मला विहीर आठवली.
पाणी खोल गेलं म्हणून
डिझेल इंजिनच आत उतरवलं होतं.
इंदल बंद करायला उतरला, मग ओ देईना.
किसन उतरला त्याला आणायला.
काठावर पन्नास माणसं,
कुणी म्हणालं नाही, थांबा.
थांबणाऱ्याला आमच्या तांड्यात काय म्हणतात
ते इथे लिहीत नाही.
दोघांना दोरानं वर घेतलं तेव्हा
अंगावर ओरखडा नव्हता,
ओठ उलट लाल, पान खाल्ल्यासारखे.

वहीत आहे:
कपाळावर तळहात, हनुवटीखाली दोन बोटं,
मान मागे, विमान बघताना पोरं करतात तशी.
जीभ सरकते, वाट मोकळी होते.
मानेला मार असेल तर हे असं नाही.
(ते पुढच्या आठवड्यात.)
छाती दोन इंच दाबा, पुरती वर येऊ द्या,
तीस वेळा, मग दोन श्वास.
मोनाली किनाके दरवेळी पंचविसावर चुकते
आणि पुन्हा एकोणिसापासून मोजते,
बापूराव काही बोलत नाही,
आतली स्प्रिंग तेवढी टक् टक्.
बरगडी मोडली तर, सर?
"मोडू दे. बरगडी जुळते."

मग नाडी.
"आडे, पुढे ये."
मी शब्बीरचं मनगट धरलं.
सरांनी माझा अंगठा उचलला,
एखादं पाखरू उचलावं तसा, आणि बाजूला ठेवला.
"अंगठा नको. अंगठ्याले सोताची नाडी रायते.
आपलीच लागते बाप्पा,
अन् वाटते समोरच्याची हाये."
सगळ्यांनी लिहून घेतलं.
मी नाही लिहिलं.

याडी त्या दिवशी
इंदलच्या मनगटावर अंगठा दाबून बसली होती.
आमच्या बोलीत 'आहे' म्हणजे 'छ'.
एवढुसं अक्षर.
छ, म्हणत होती ती. छ. छ.
गाडी आली तेव्हाही, गाडी चालली तेव्हाही,
बावीस किलोमीटर गिट्टीच्या रस्त्यानं, छ.
डॉक्टरांनी चादर वर ओढली,
तिनं चादरीखाली हात घातला, छ.
काकांनी तिला ओढत बाहेर नेलं.
चार वर्षं आम्ही समजत आलो
की त्या तासात तिचं डोकं फिरलं होतं.

फिरलं नव्हतं.
तिला खरंच लागत होती.

शनिवारी तांड्यावर गेले.
काय शिकवलं, तिनं विचारलं, भाकरी थापता थापता.
मान कशी मागे करायची ते, म्हटलं.
तिनं पिठाच्या हातानिशी मान मागे करून पाहिली,
छपराकडे बघत हसली,
"एवढ्यासाठी सरकार पैसे देतं?"

रात्री अंगणातल्या खाटेवर
तिच्या मानेच्या खाचेत दोन बोटं ठेवली.
अंगठा मुठीत दुमडून.
मोबाईलच्या उजेडात तीस सेकंद,
अडतीस. दुप्पट करायचं असतं, केलं नाही,
मोजत राहिले.
डोळे न उघडता ती म्हणाली, काय बघतेस गं?
छ, म्हटलं मी.
झोप.