पडलेली गोळी

पनिहारच्या अलीकडे, कच्च्या रस्त्याला लागून
हरबिलास कुशवाहांचं शेत.
बाजरी निघालीय, गहू अजून पडायचाय,
मधले अकरा दिवस त्यांनी आम्हाला दिलेत,
एम. ए. दुसऱ्या वर्षाला, उसने.

मी डावीकडून उजवीकडे चालते,
डिटेक्टरची दांडी जमिनीपासून चार बोटं वर,
केर काढल्यासारखी फिरवत.
कानात घरघर. मग एकदम टुणकन् आवाज.
गुडघे टेकायचे, खुरपं घ्यायचं.
बहुतेकदा ट्रॅक्टरचा नट असतो,
नाहीतर बाटलीचं बूच, गुटख्याची चांदी,
एकदा एक जोडवं.
(धाकट्या सुनेनं ते लगेच ओळखलं,
आणि आम्हा सगळ्यांना आल्याचा चहा मिळाला.)

हरबिलास बांधावरून विचारतात,
"कछु मिलो, बिटिया?"
शिसं, काका.
"सोनो नईं?"
शिसंच.

नेवासकर सरांनी पहिल्या तासाला
टेबलावर दोन गोळ्या ठेवल्या होत्या.
एक चपटी, काठ फाटलेली, सुकल्या बोरासारखी.
दुसरी साच्यातून निघाली तशीच गोल, कमरेला शिवण.
"ही झाडलेली. ही पडलेली.
पुस्तकांत पहिलीचा आवाज फार.
तुम्ही दुसरी शोधा."

झाडलेलीला तांबडं निशाण, पडलेलीला पांढरं.
सराफ्यातून आणलेल्या काट्यावर एकेकीचं वजन:
बत्तीस ग्रॅमच्या आसपास त्या कंपनीच्या,
हलक्या, कमीजास्त, ओबडधोबड त्या आपल्या.
आपल्या.
वहीत हा शब्द चालत नाही.
मी तो खोडते, 'ब गट' लिहिते.

आम्ही राहतो लष्करात. म्हणजे मोहल्ल्यात, दौलतगंजला.
बाहेरगावच्यांना दर वेळी हे समजावून सांगावं लागतं.
घरी म्हणतात, आपण इकडे लढायला आलो होतो.
कुठे हरलो, ते जेवताना कुणी काढत नाही.

एका गोळीवर दात उमटले होते.
"कळ सोसवेना म्हणून चावली असेल," अन्सारी हळूच म्हणाला,
आणि आम्ही सगळे थोडा वेळ गप्प.
सरांनी भिंग लावलं.
"डुक्कर. बऱ्याच नंतरचं. वाईट वाटून घेऊ नका."

नवव्या दिवशी, उत्तरेच्या कोपऱ्यात, बाभळीपाशी
हातभर जागेत सात गोळ्या.
सातही गोल. एकही झाडलेली नाही.
"थैली फाटली असेल," सर म्हणाले,
"किंवा हात थरथरला असेल. दोन्ही लिहा."
मी दोन्ही लिहिलं.
तिसरं नाही लिहिलं: महिना हाच होता,
धुकं हेच, दहा वाजेपर्यंत किल्ला दिसत नाही तसलं,
आणि मोजे काढून चिठ्ठीचा दोरा बांधताना
माझीच बोटं माझं ऐकत नव्हती.

सातवी तेव्हा निसटली.
ढेकळांच्या भेगेत गेली.
सापडली, पण तिथेच की चार बोटं अलीकडे,
शपथेवर सांगता येणार नाही.
पडल्यानं तिला काही झालं नव्हतं.
पहिल्या वेळीही झालं नव्हतं.
तक्त्यात दोनदा पडलेलीचा रकाना नाही.
मी पहिला आकडा तसाच ठेवला
आणि सरांना सांगायला अजून गेले नाही.

अकराव्या संध्याकाळी हरबिलास पंपाचं हँडल घेऊन आले.
"भुनसारें पानी छोड़ हैं."
तांबडी निशाणं अन्सारीनं उपटली,
पांढरी मी, वाकत वाकत, बाभळीपासून बांधापर्यंत.
जुडी हातात घेऊन वर आले
तर म्हातारबुवा मिशीत हसत होते:
"काए बिटिया, हार मान लई?"

जीप चौपदरी रस्त्याला लागली
तरी मला उत्तर सुचलं नव्हतं.